घोड्याची किंमत आणि शिकविणाऱ्याची मिळकत

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापी नदीच्या काठी सारंगखेडा हे गाव वसलेले आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तेथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. या यात्रेतील घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध असून परराज्यांतील व्यापारी आणि शौकीनही आपले घोडे घेऊन तेथे येतात. मारवाडी, काठियावाडी अशा जातींची उमदी जनावरे रांगेने बांधलेली असतात, त्यांच्या चाली पाहण्यास गर्दी लोटते आणि लाखांच्या खाली कोणी बोलत नाही, असे पाहणाऱ्यास वाटते.

अशाच एका यात्रेच्या वेळी शेजारच्या गावचा एक तरुण शेतकरी मला भेटला. घरची पाच एकर जमीन, तीत कापूस आणि तूर, लहानपणापासून घोड्यांचा नाद आणि हात खरोखरच चांगला. त्याने मला सरळ प्रश्न केला, "साहेब, दोन एकर गहाण टाकून एक शिंगरू घ्यावे, ते शिकवावे आणि पुढच्या यात्रेत विकावे, असा विचार आहे. घोडे शिकविण्यात पैसा किती आहे, ते तुम्ही सांगा."

त्याच्याबरोबर त्याचे काका होते. ते मध्येच म्हणाले, "साहेब, त्याला माझी गोष्ट सांगू द्या. मी एका व्यापाऱ्याचा घोडा आठ महिने फेरला. विकला गेला की तुला खूश करतो, असा त्याचा शब्द होता. घोडा विकला गेला, चांगल्या भावाने विकला गेला. मला फेटा बांधला, नारळ दिला आणि वर दोन हजार रुपये हातावर ठेवले. त्या आठ महिन्यांत मी शेतमजुरीला गेलो असतो, तर बरे झाले असते."

काकांच्या या बोलण्यात या धंद्याचे मर्म आलेले आहे. घोड्याची किंमत ही एक गोष्ट आणि घोडा शिकविणाऱ्याची मिळकत ही दुसरी गोष्ट होय. या दोन गोष्टींची गल्लत झाली, म्हणजे कष्टाळू आणि कुशल माणूसही नुकसानीत येतो. त्या तरुणाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. चार दिवसांनी कागद-पेन्सिल घेऊन आम्ही तिघे त्यांच्या ओट्यावर बसलो. तेव्हा जो विचार झाला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

शिलेदार आणि बारगीर

आपल्या भाषेत घोडा शिकविणाऱ्यास चाबुकस्वार असा जुना शब्द आहे. चाबुकाने मारणारा असा त्याचा अर्थ नसून, कोरे जनावर फेरून स्वारीस तयार करणारा जाणकार, असा आहे. महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांच्या बळावर मराठ्यांच्या फौजांनी दूरदूरच्या मजला मारल्या. याच भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, ही आपणां सर्वांस आनंदाची गोष्ट आहे.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत. शिलेदाराला मोबदला अधिक असे, कारण घोड्याचा खर्च आणि जोखीम त्याची असे. बारगिराचे वेतन कमी असले, तरी घोडा गेला तर त्याचे घर बुडत नसे.

आजच्या अश्वशिक्षकापुढेही हाच प्रश्न उभा असतो. घोडा कोणाचा, चंदी कोणाची आणि घोडा लंगडा झाला तर नुकसान कोणाचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याची मिळकत ठरते. कौशल्याचा क्रम त्यानंतर लागतो.

काम कोठे मिळते

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की घोड्यांची एकूण संख्या घटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जनावरे आढळली. २०१२ च्या गणनेच्या मानाने ही घट सुमारे ४५ टक्क्यांची आहे. ओझ्याचे आणि टांग्याचे घोडे यंत्राने मागे सारले. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदेशीर ठरविल्या आणि त्यांवर पोट असणाऱ्यांना दुसरा मार्ग पाहावा लागला. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडेवाल्यांचा रोजगार टिकून राहिला. पण तेथेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. म्हणजे ज्या ठिकाणी घोडा हे केवळ वाहन आहे, तेथे भविष्य फारसे आशादायक नाही. जेथे घोडा हौस, खेळ, शोभा किंवा पैदास यांसाठी पाळला जातो, तेथे मात्र शिकविणाऱ्याची गरज राहणार आहे. अशी ठिकाणे मुख्यतः चार आहेत.

पहिले, यात्रा-बाजारांचे आणि वरातीचे घोडे. सारंगखेड्याप्रमाणेच नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि तेथेही घोड्यांचा व्यापार होतो. रेवाल चाल, ताशाच्या ठेक्यावर पावले टाकणे, गर्दीत व फटाक्यांच्या आवाजात न बुजणे, हे गुण येथे विकले जातात. हे काम खेड्यातल्या माणसाला सर्वांत जवळचे आहे आणि सर्वांत अनिश्चितही आहे.

दुसरे, शर्यतीचे घोडे. मुंबईत महालक्ष्मी येथे आणि पुण्यात शर्यती होतात. मुंबईचा हंगाम हिवाळ्यापासून साधारण एप्रिलपर्यंत, तर पुण्याचा पावसाळ्यात असतो. येथील शिक्षकास शर्यतीच्या क्लबचा परवाना लागतो आणि त्यापूर्वी अनेक वर्षे हाताखाली उमेदवारी करावी लागते. घोड्याचा मालक त्यास दरमहा ठरीव रक्कम देतो. पण तीतून चंदी, वैरण, सईसांचे पगार, नालबंदी हे सर्व भागवावयाचे असल्याने हाती थोडेच उरते. खरी मिळकत घोडा जिंकला तर बक्षिसातील हिश्श्यातून होते. परदेशांतही हीच रीत आहे. अमेरिकेत जिंकलेल्या रकमेच्या सुमारे १० टक्के शिक्षकाला देण्याचा रिवाज आहे. म्हणून दहा घोडे असलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाची भरभराट होते आणि दुसऱ्याच्या मागे उधारी लागते. शिवाय बक्षिसांची रक्कम क्लबच्या उत्पन्नावर अवलंबून असते आणि तो पैसा मुख्यतः शर्यतींवर लागणाऱ्या पैजांतून येतो. या पैजांवरील वस्तू व सेवा कर २०१७ पासून २८ टक्के होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. असा बोजा वाढला, म्हणजे त्याची झळ अखेर तबेल्यापर्यंत पोचते.

तिसरे, घोडेस्वारी शिकविणाऱ्या शाळा आणि खेळ. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या संघाने ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळविले. घोडेस्वारीतील आपले हे १९८२ नंतरचे पहिले सुवर्ण होय. मोठ्या शहरांच्या आसपास मुलांना घोडेस्वारी शिकविण्याची आवड वाढत आहे. येथे दरमहा ठरलेला पगार मिळतो, हा मोठा लाभ आहे. मात्र येथे घोड्याबरोबर माणसालाही शिकविता आले पाहिजे. लष्करातून निवृत्त झालेल्या जाणकार स्वारांना या शाळांत मान मिळतो, याचे कारण त्यांच्यापाशी शिस्त आणि समजावून सांगण्याची हातोटी या दोन्ही गोष्टी असतात.

चौथे, पैदाशीचे तबेले. घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते. शिंगरास जन्मापासून माणसाच्या हाताची, मोहरकीची आणि पाय उचलू देण्याची सवय लावणे हे येथील काम होय. यात मोबदला बेताचा पण बारमाही असतो आणि शिकण्यास यासारखी दुसरी जागा नाही.

मोबदल्याच्या तीन रीती

या सर्व ठिकाणी मोबदला पुढील तीनपैकी एका रीतीने मिळतो.

पहिली रीत मासिक पगाराची. ही बारगिराची रीत. घोडा, चंदी आणि औषधपाणी मालकाचे. मिळकतीस वरची मर्यादा असते, पण जोखीमही नसते.

दुसरी रीत घोड्यागणिक दराची. चाबुकस्वार आपल्या घरी राहून दोन-तीन मालकांचे घोडे फेरतो आणि प्रत्येकाकडून दरमहा ठरीव रक्कम घेतो. शेती सांभाळून करण्यास ही रीत सोयीची आहे. मात्र यात एक पथ्य पाळावे लागते. कोवळ्या जनावराला एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा अधिक शिकवू नये आणि खरारा, चालविणे, थंड करणे धरून प्रत्येक घोड्यामागे रोज दोन तास तरी मोडतात. तेव्हा तीन घोड्यांपलीकडे एकट्याने जाऊ नये. जादा घोडे घेतले, तर प्रत्येकाचे शिक्षण कच्चे राहते आणि नाव जाते.

तिसरी रीत वाढीव किमतीच्या हिश्श्याची किंवा स्वतःच्या घोड्याची. ही शिलेदारी होय. हिच्यात मोठ्या रकमा ऐकू येतात आणि तरुणांचा ओढा हिच्याकडेच असतो. म्हणून हिचा हिशेब तपशिलाने पाहू.

ओट्यावर मांडलेला हिशेब

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून तो पुन्हा मांडावा.

समजा, अडीच वर्षांचे एक शिंगरू ८०,००० रुपयांस घेतले आणि दहा महिने, म्हणजे ३०० दिवस, शिकवून यात्रेत नेले. खर्च असा येईल :

वैरण, चंदी व मीठ, रोज २२० रुपयेप्रमाणे — ६६,००० रुपये
नालबंदी, दर सहा आठवड्यांनी, सात वेळा ८०० रुपयेप्रमाणे — ५,६०० रुपये
लसी, जंतनाशक, तपासण्या व औषधे — ६,००० रुपये
खोगीर, लगाम यांची झीज — ४,००० रुपये
विमा — ३,४०० रुपये
वाहतूक व यात्रेतील मुक्काम — १०,००० रुपये
८०,००० रुपयांवरील व्याज, दरसाल १२ टक्क्यांनी — ८,००० रुपये
एकूण खर्च — १,०३,००० रुपये
शिंगराची किंमत धरून — १,८३,००० रुपये

आता घोडा अडीच लाखांस विकला गेला असे धरू. गावात चर्चा होईल की ऐंशी हजारांच्या शिंगराचे अडीच लाख झाले, पोराने एक लाख सत्तर हजार मिळविले. प्रत्यक्षात हाती ६७,००० रुपये उरले. ते ३०० दिवसांवर वाटले, तर रोजचे २२३ रुपये पडतात. घोडा दोन लाखांस विकला गेला, तर १७,००० रुपये, म्हणजे दिवसास ५७ रुपयेही पडत नाहीत. पावणेदोन लाखच आले, तर स्वतःच्या कष्टाचे काही नाहीच, उलट ८,००० रुपयांचा तोटा. घोड्याचा पाय दुखावला किंवा पोटशूळाने तो दगावला, तर काय होईल ते सांगावयास नको. विम्याने जनावराच्या किमतीचा काही भाग परत मिळेल, पण दहा महिन्यांचा दाणागोटा आणि घाम परत मिळणार नाही.

याच्या तुलनेत, दुसऱ्यांचे दोन घोडे दरमहा प्रत्येकी ६,००० रुपयांनी दहा महिने फेरले, चंदी मालकाची असली, तर १,२०,००० रुपये मिळतात आणि त्यात गहाण पडत नाही, व्याज लागत नाही. हा हिशेब पाहून तो तरुण बराच वेळ गप्प बसला. शेवटी काका म्हणाले, "म्हणजे बाजारात बोललेला भाव निराळा, झालेला सौदा निराळा आणि घरी आलेला पैसा आणखी निराळा." यापेक्षा अधिक नेमके सांगता येणार नाही. वर्तमानपत्रांत ज्या प्रचंड किमती छापून येतात, त्या पुष्कळदा मागितलेल्या किमती असतात. तेवढ्याला सौदा झालाच असे नव्हे.

मिळकत कशाने वाढते, कशाने घटते

घोड्याचे वय आणि घाई. स्वाराचे वजन साधारण तीन वर्षांपूर्वी घोड्यावर घालू नये. शर्यतीचे घोडे दोन वर्षांपासून तयार करतात, पण तेथे हलके स्वार आणि सतत देखरेख असते. घोड्याच्या पाठीच्या कण्याची हाडे पाच-सहा वर्षांपर्यंत पक्की होत असतात. यात्रेची तारीख गाठण्यासाठी लहान जनावर दामटले, तर ते लौकर निकामी होते आणि ते कोणी तयार केले हे लोक विसरत नाहीत.

शिकविण्याची पद्धत. माराने घोडा तात्पुरता दबतो, शिकत नाही. लांब दोरीवर गोल फिरविणे, मग रिकामे खोगीर, मग हलका स्वार, अशा पायऱ्यांनी दोन-तीन महिन्यांत पहिली घडण होते. असे जनावर नव्या मालकाच्या हातीही शांत राहते. माराने तयार केलेला घोडा मात्र मारणाऱ्याच्याच धाकात चालतो. विकत घेणाऱ्याने स्वार होताच तो अडतो, आणि मग सौदा मोडतो. काटेरी लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांनी मनाई आहे, आणि १९६० च्या कायद्याने जनावरास मारहाण करून यातना देणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी तोंडात व्रण असलेला घोडा पारखी माणूस प्रथम नाकारतो, हे विसरू नये.

शिक्षकाच्या हाताबाहेरील गोष्टी. रंग, उंची, कानांची ठेवण आणि अंगावरील भोवरे पाहून घोड्याचे मोल करण्याची रीत अजून आहे. एखाद्या भोवऱ्याला अशुभ मानून किंमत पाडली जाते. शास्त्रदृष्ट्या भोवऱ्याचा आणि नशिबाचा काही संबंध नाही. तरीही बाजार तसा वागतो, आणि शिक्षकाने कितीही उत्तम शिकविले, तरी तेथे त्याचा इलाज चालत नाही. म्हणूनच आपली सगळी मिळकत विक्रीच्या किमतीवर टांगून ठेवू नये.

हंगाम. वरातींचा हंगाम, यात्रांचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम संपला, म्हणजे काम ओसरते, पण घोड्याचे पोट बारमाही असते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा लग्ने, यात्रा, पर्यटन आणि शर्यती एकदमच थांबल्या. ज्यांच्या घरी शेतीचा आधार होता, ते तगले. ज्यांनी सर्व काही घोड्यावर लावले होते, त्यांना जनावरास दाणा घालणेही कठीण गेले.

रोगराई. ग्लँडर्स हा घोडावर्गातील भयंकर सांसर्गिक रोग असून तो माणसालाही होऊ शकतो. रोग निश्चित झालेले जनावर कायद्याने दयामरण देऊन पुरावे लागते आणि त्या भागातील घोड्यांच्या हालचालीवर व बाजारावर निर्बंध येतात. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण, ताप अशी लक्षणे दिसताच जनावर वेगळे करावे, उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रोग लपविणे हे स्वतःच्या जिवाशी आणि साऱ्या बाजाराच्या पोटाशी खेळणे आहे. नव्या घोड्याच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याखेरीज तो आपल्या दावणीला बांधू नये.

नाव. या धंद्यात जाहिरात चालत नाही, बोलबाला चालतो. दोन वर्षांपूर्वी विकलेला घोडा आजही मुलाच्या हातात शांत चालतो, ही एक गोष्ट दहा नवे मालक दारात आणते. पहिली तीन-चार वर्षे मिळकत कमी राहते ती यामुळेच. ती वर्षे शेतीच्या आधाराने काढावी लागतात.

शब्दाचा करार आणि कागदाचा करार

काकांचे नुकसान झाले ते कौशल्याच्या अभावी नव्हे, तर कागदाच्या अभावी. व्यापाऱ्याने त्यांना फसविले असे म्हणणेही कठीण, कारण "खूश करतो" या शब्दांत रक्कम कोठेच नव्हती. घोडा दुसऱ्याचा आणि दोन पानी कागद नाही, अशा स्थितीत कोणीही काम हाती घेऊ नये. कागदात पुढील गोष्टी असाव्यात :

१. घोड्याचा रंग, वय, खुणा आणि ताब्यात घेतेवेळची प्रकृती. शक्य तर चारी बाजूंनी काढलेली छायाचित्रे.

२. दरमहा किती रक्कम आणि ती कोणत्या तारखेस.

३. चंदी, वैरण, नालबंदी आणि औषधपाणी कोणाच्या खर्चाने.

४. काय शिकवावयाचे आणि किती महिन्यांत. "चांगला तयार करणे" असे मोघम लिहू नये. लगामास मानणे, स्वार घेणे, रेवाल चाल, गर्दीत न बुजणे, असे स्पष्ट लिहावे.

५. घोडा आजारी पडला, जखमी झाला किंवा दगावला, तर जबाबदारी कोणाची.

६. मालकाने मुदतीपूर्वी घोडा नेला, तर किती रक्कम देणे.

७. विक्रीत हिस्सा असल्यास तो कशावर आणि किती.

सातव्या कलमाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नुसत्या हिश्श्यावर काम करणे म्हणजे मालकाची जोखीम आपल्या डोक्यावर घेणे होय. त्यापेक्षा थोडा मासिक दर आणि थोडा हिस्सा असा जोड करार बरा. उदाहरणार्थ, घोडा ताब्यात घेताना त्याची किंमत दोघांनी एक लाख मान्य केली. दरमहा ४,००० रुपये आणि एक लाखावरील वाढीचा पाचवा हिस्सा ठरला. आठ महिन्यांनी घोडा दोन लाखांस गेला, तर ३२,००० अधिक २०,००० मिळून ५२,००० रुपये हाती येतात. घोडा विकला गेलाच नाही, तरी ३२,००० रुपये बुडत नाहीत. काकांच्या आठ महिन्यांचे असे काही झाले असते, तर आज त्यांच्या बोलण्यात ती खंत राहिली नसती.

अंगावर येणारा धोका

घोड्याची लाथ, चावा आणि स्वारीतून पडणे हे या धंद्याचे नित्याचे धोके आहेत. मोडलेला हात तीन महिने मिळकत बंद करतो आणि नेमके हेच कोणी हिशेबात धरीत नाही. डोक्यास टोप घातल्यावाचून कोऱ्या घोड्यावर बसू नये. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या व्यक्तीस प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपयांचे आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. घोड्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा विमा उतरविलाच पाहिजे.

घोड्याच्या विम्यासही मदत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात जे बदल मंजूर झाले, त्यांनुसार पशुधन विम्याच्या हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला. त्याच वेळी घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत, भांडवली अनुदानाची तरतूद झाली. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. हे अनुदान उद्योग उभारण्यासाठी आहे, एक शिंगरू घेऊन यात्रेत विकण्यासाठी नव्हे. उरलेल्या निम्म्या रकमेची जुळणी स्वतः करावी लागते आणि ते बहुधा कर्जच असते. म्हणून अनुदानाचा आकडा ऐकून नव्हे, तर वर्षभराचा खर्च मांडून निर्णय घ्यावा. अर्जापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चालू नियम समजून घ्यावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

आपल्या गावी कोणी तरुण या धंद्यात पडू पाहत असेल, तर त्यास हिणवू नये आणि हुरळवूही नये. त्याच्यासमवेत बसून वरीलप्रमाणे हिशेब मांडावा. जमीन गहाण टाकण्याचा विचार असेल, तर हा हिशेब झाल्यावाचून त्यास पुढे जाऊ देऊ नये. करार साध्या मराठीत लिहून, दोन्ही पक्षांस वाचून दाखवून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पुरा करण्यास साहाय्य करावे. यात्रेपूर्वी गावातील घोड्यांची तपासणी, धनुर्वाताची लस आणि आवश्यक दाखले यांची सोय पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून द्यावी. आणि जेथे तीन-चार चाबुकस्वार असतील, तेथे त्यांनी आपापसात एक किमान दर ठरवून त्याखाली काम घेऊ नये, असे त्यांस सुचवावे. एकाने दर पाडला की सर्वांचाच पडतो, हा अनुभव शेतमालाच्या बाजारात आपण नित्य घेतोच.

त्या तरुणाने अखेर काय केले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. त्याने जमीन गहाण टाकली नाही. एक वर्ष तो एका जुन्या जाणत्या चाबुकस्वाराच्या हाताखाली राहिला. त्यास आता दोन हंगाम झाले आहेत. सध्या तो दुसऱ्यांचे दोन घोडे फेरतो, दोहोंचे कागद केलेले आहेत आणि दर महिन्याच्या रकमेची नोंद वहीत आहे. तो श्रीमंत झालेला नाही. पण पाचही एकर मोकळे आहेत, कापूस-तूर चालू आहे आणि घोड्याची आवड घराच्या मुळावर न येता घराच्या कामी आली आहे. कागद लिहिण्याचे काम काका करतात. पहिल्याच कागदात त्यांनी एक ओळ आपल्या हाताने वाढविली होती. "फेटा व नारळ मिळाल्यास तो मोबदल्यात धरू नये."